अर्धी बाटली

बापूंनी ड्रेनचा बोल्ट सोडला तेव्हा मी पलीकडच्या लाकडी स्टुलावर बसून चहा पीत होतो. सप्टेंबरची सकाळ, बाहेर पावसाची बुरबुर, आणि गॅरेजचं शटर नुकतंच वर गेलेलं. हे शटर वर जाताना असं काही किंचाळतं की शेजारच्या पिठाच्या गिरणीतली माणसं त्यावर घड्याळ लावत असावीत. माझ्या येझदी मोटरसायकलच्या पोटातून तेलाची धार खालच्या कापलेल्या डब्यात पडायला लागली. बापूंनी धारेत मधलं बोट धरलं, त्याला अंगठा लावला, दोन्ही एकमेकांवर हळूहळू चोळली, बोटं विलग करून मधली तार उजेडाला धरून पाहिली आणि मग नाकाशी नेली. गुळव्या काहिलीतल्या पाकाची तार बघतो, अगदी तसं. मग माझ्याकडं न बघताच त्यांनी विचारलं, "काय घातलंय वो सर ह्यात?"

"काही नाही, बापू."

"बरं," ते म्हणाले, आणि पोराला गोटी पाना आणायला सांगितला.

एवढंच घडलं. कुणाचं काही बुडालं नाही, आवाज चढले नाहीत. पण ते 'बरं' बुटात खडा जावा तसं माझ्यात राहिलं. मी चोपन्न वर्षांचा माणूस, एकोणतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतोय, वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराचा चेहरा तिसऱ्या बाकावरून ओळखतो. आणि ज्या माणसाला तेलाचा वास घेऊन गाडीची जन्मकुंडली सांगता येते, त्याच्यासमोर मी तेलाबद्दल खोटं बोललो. तेही कशासाठी? चारशे ऐंशी रुपयांच्या बाटलीसाठी. त्यातही अर्ध्याच. अर्धी अजून घरी जिन्याखालच्या कपाटात होती. घरात अर्धी बाटली लपवून ठेवलीय असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात भलतंच येतं. खरं सांगायचं तर ते भलतं असतं तर सांगायला मला कमी लाज वाटली असती.

बाटली घेतली ती मे महिन्यात, जिल्हा परिषदेच्या मैदानावर भरलेल्या प्रदर्शनात. लोणची, सोफासेट, पाठदुखीचे पट्टे, न चिकटणारे तवे, आणि या सगळ्यांच्या मध्ये एक टेबल, ज्याच्याभोवती फक्त पुरुष उभे. टेबलावर एक छोटी मोटर, तिच्या दांड्यावर फिरणारी लोखंडी कडी, कडीखाली तेलाची वाटी, आणि वरून एका लांब दांडीनं कडीवर दाबून धरलेला बेअरिंगचा रोलर. विकणारा पोरगा वाटीत साधं ऑईल ओतायचा, दांडीवर एक वजन टांगायचा, आणि मोटर चीं करून बंद पडायची. मग बाटलीतले चार थेंब. वजनावर वजन, वजनावर वजन, आणि मोटर आपली फिरतेच आहे. शेवटी तो रोलर काढून सगळ्यांच्या तळहातावर फिरवायचा. साध्या तेलात पडलेली खाच नखाएवढी, बाटलीच्या तेलातली तिळाएवढी. माझ्या शेजारी माझा बुलेटवाला मित्र उभा होता. तो म्हणाला, "मी गेल्या वर्षी गिअरबॉक्समध्ये टाकलं. लोण्यासारखे गिअर पडतात. घे." मी घेतली.

तिथं उभं राहून मला एक साधा प्रश्न पडायला हवा होता. माझ्या गाडीत असा एकाच जागी, एकाच रेषेवर, कोरड्या पडेपर्यंत घासला जाणारा रोलर आहे कुठं? परीक्षेतला प्रश्न आणि आयुष्यातला प्रश्न वेगवेगळे असतात हे मी मुलांना रोज सांगतो. त्या यंत्रावर चमकणारी काही रसायनं क्लोरीनची असतात, आणि तीच उष्णता आणि ओल मिळाली की आम्ल तयार करून धातूलाच खातात, हे मी नंतर वाचलं. माझ्या बाटलीत ती नव्हती बहुधा. तिच्यावर ठळक अक्षरांत मॉलिब्डेनम लिहिलं होतं. पण त्या टेबलापाशी मी विज्ञानशिक्षक नव्हतोच. चाळणीतून दूध न गळू देणाऱ्या जादूगारापुढं तोंड उघडं टाकून बसणारा पोरगा होतो.

आणि गरजही होती. माझी येझदी रोडकिंग नव्वदच्या आधीची. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, त्यानंतर ही गाडी चालवणं म्हणजे माहेर तुटलेल्या सुनेला नांदवणं. गेलं वर्षभर ती तिसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत होती. आधी वाटलं भास आहे. मग रहिमतपूरच्या रस्त्यावर एका शांत संध्याकाळी तो आवाज स्पष्ट ऐकू आला: बारीक, सलग, दूरच्या गिरणीसारखा. चौथ्यात टाकली की गायब. बापूंना दाखवलं असतं तर ते म्हणाले असते, "उघडून बघावं लागंल." या वाक्याची मला भीती वाटायची. उघडणं म्हणजे दोन आठवडे, इंजिनची केस दुभंगणं, पॅकिंग, ऑईल सील, आणि आत काय निघेल याची वाट बघणं. बाटलीत आणि बापूंत फरक एवढाच की बाटली उघडून बघ म्हणत नाही.

रविवारी दुपारी, बायको झोपलेली असताना, मी गिअरबॉक्सचं झाकण काढून अर्धी बाटली आत ओतली. रंग काळसर राखाडी, ढेकणाच्या औषधासारखा. बाटलीच्या तळाशी गाळ बसला होता म्हणून ती हलवावी लागली. दोन दिवसांनी गुणगुण कमी झाली. हे मी खोटं सांगणार नाही, खरंच कमी झाली. गिअर मऊ पडायला लागले. येझदीची गंमत अशी की तिची किक आणि गिअरची दांडी एकच, आणि गिअर दाबला की क्लच हातानं न ओढताही सुटतो. त्यामुळं या गाडीचं बरंवाईट पायाच्या तळव्याला आधी कळतं. तळवा खूश होता. जून-जुलै मी त्या खुशीत काढले. मित्राला फोन करून सांगितलंही.

ऑगस्टच्या शेवटी बायकोला मागं बसवून मी यवतेश्वरचा घाट चढत होतो. समर्थ मंदिर मागं पडलं, पहिली दोन वळणं झाली, धुकं उतरलेलं, डाव्या हाताला खाली अख्खं सातारा ओल्या पाटीसारखं काळंभोर. तिसऱ्या वळणावर मी दुसरा टाकला आणि मूठ पिळली. इंजिन ओरडलं. गाडी मात्र जागची हलेना. म्हणजे हलत होती, पण देवळाच्या पायऱ्यांवरून म्हातारी काठी टेकत चालावी तशी. जितकी मूठ पिळावी तितका नुसता आवाज, आणि सायलेन्सरमधून निळा धूर. मागून मोटारींचे हॉर्न. "अहो, मी उतरू का?" बायकोनं विचारलं. ती उतरली, छत्री उघडून चालायला लागली, आणि पुढच्या वळणापर्यंत माझ्या पुढं होती.

क्लच घसरत होता.

गाडी उतारावर वळवून न्यूट्रलमध्ये खाली आणताना मला नववीचा वर्ग दिसत होता. घर्षण. दरवर्षी मी फळ्यावर दोन रकाने आखतो: एकात घर्षणाचे तोटे, दुसऱ्यात फायदे. दुसऱ्या रकान्यात पोरं हमखास लिहितात की घर्षण नसतं तर आपण चालू शकलो नसतो, काडी पेटली नसती, ब्रेक लागले नसते. क्लच कुणी लिहीत नाही. क्लच म्हणजे तरी काय, प्लेटांची चळत, एकमेकींना घट्ट दाबून धरलेली. इंजिनचा जोर गिअरपर्यंत जातो तो केवळ त्या प्लेटा एकमेकींवरून घसरत नाहीत म्हणून. येझदीत या प्लेटांना बुचाच्या सालीचे तुकडे लावलेले असतात, बाटलीच्या बुचाचीच साल, आणि या प्लेटा गिअरच्याच तेलात भिजत असतात. मॉलिब्डेनमच्या त्या राखाडी भुकटीचे थर असतात, पत्त्यांच्या कॅटासारखे, आणि एक पत्ता दुसऱ्यावरून सुळ्ळकन सरकतो. तिचं सगळं मोठेपण त्या सरकण्यात. मी ती भुकटी जिथं घर्षण नको होतं तिथं घातली, आणि तेलानं ती जिथं घर्षणावाचून चालतच नाही तिथंही नेऊन पोचवली. तेलाला रकाने कळत नाहीत.

मित्राचं काही चुकलं नव्हतं, हे मात्र सांगायला हवं. त्याची जुनी, बिडाच्या इंजिनाची बुलेट म्हणजे तीन वेगळ्या चुली. इंजिनचं तेल वेगळं, डाव्या अंगाला प्रायमरी चेन आणि क्लच यांचं वेगळं, आणि मागं गिअरबॉक्स, त्याचं आणखी वेगळं. तो गिअरबॉक्स इतका गळका की लोक त्यात तेलात ग्रीस कालवून भरतात. तिथं त्यानं काय ओतलं ते क्लचला कळण्याचं कारणच नाही. आताच्या बहुतेक गाड्या याच्या उलट, एकत्र कुटुंब: इंजिन, क्लच, गिअर सगळे एका तेलात. म्हणून तर जपान्यांनी मोटरसायकलच्या तेलासाठी वेगळी मोहोर काढली. डब्याच्या मागं बारीक अक्षरांत जासो एमए लिहिलेलं असतं ते तेच, की या तेलात ओला क्लच घसरणार नाही. मोटारीचं महागडं, पेट्रोल वाचवणारं तेल चांगलं म्हणून मोटरसायकलमध्ये ओतणारे लोक आहेत आणि मग त्यांची गाडी घाटात रुसते. येझदी या दोन्हींच्या मधली. टू-स्ट्रोक असल्यामुळं इंजिनचं तेल पेट्रोलमधूनच जातं आणि जळून धूर होतं. पण गिअर आणि क्लच जेवतात एकाच ताटात. हे मला माहीत होतं. तीस वर्षं माहीत होतं. मित्र बोलत होता तेव्हा मात्र मी त्याच्या गाडीबद्दल ऐकत होतो आणि माझ्या गाडीबद्दल समजत होतो.

वंगणावरचा माझा विश्वास मला वाटतं रक्तातला आहे. आजोबांच्या बैलगाडीला खाली वंगणाचा नळा टांगलेला असायचा, त्यात एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या. आसाचा आवाज यायला लागला की आजोबा गाडी थांबवायचे, कुणी अडचणीत असल्यासारखे घाईनं उतरायचे, आणि चाकाच्या तुंब्यात ती चिंधी फिरवायचे. त्या वासाची मला अजून ओढ आहे, जाड, गोडसर, जुन्या घराचा वास. एरंडेल धातूला असं धरून बसतं की सुटता सुटत नाही. १९०९ साली एका इंग्रज व्यापाऱ्यानं खनिज तेलात एरंडेल मिसळून नवं तेल काढलं आणि कॅस्टरवरून त्याला कॅस्ट्रॉल नाव दिलं, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ हसत बसलो होतो. म्हणजे बाटलीतलं औषध तेलात घालायची खोड आजोबांच्या नळ्याइतकीच जुनी. पण त्याच गावात, त्याच काळात, गिरणीवाला पट्टा घसरायला लागला की त्याला राळ फासायचा. चिकट, पिवळी राळ. फासली की पट्टा पुलीला पुन्हा धरायचा. आसाला एरंडेल आणि पट्ट्याला राळ, यांची अदलाबदल करण्याचा मूर्खपणा गावात कुणी केल्याचं ऐकिवात नाही. त्यासाठी एम.एस्सी. व्हावं लागतं. (वंगण घातल्याशिवाय फाईल हलत नाही असंही आपण म्हणतो, तिथं कुठल्या प्लेटा घसरतात हा स्वतंत्र लेखाचा विषय.)

मला जास्त बोचतं ते हे की बापूंचं मत मी आधीच ऐकलं होतं. बापूंचे हात घडले ते प्रिया स्कूटरवर. महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना इथलाच, १९७५ साली कंपनी निघाली, आणि एक काळ असा होता की साताऱ्यात दर तिसऱ्या घरापुढं प्रिया उभी असायची, एका बाजूला कलून, इंजिन उजवीकडं म्हणून. पण दोन वर्षांपूर्वी हायवेवरून एक प्रवासी त्यांच्याकडं एक मोठी जर्मन गाडी घेऊन आला, बीएमडब्ल्यू, चेन नसलेली. इंजिनपासून मागच्या चाकापर्यंत दांडा, आणि चाकापाशी दात्यांची जोडी त्या दांड्याची फिरकी वळवून चाकाला देते. ही त्या कंपनीची जुनीच तऱ्हा. १९२३ साली काढलेल्या तिच्या पहिल्या मोटरसायकललाही, आर ३२ ला, दांडाच होता. गाडीला मागच्या ड्राइव्हचं तेल बदलायचं होतं. बापूंनी अशी गाडी उभ्या जन्मात उघडली नव्हती. ते उकिडवे बसले, मागच्या चाकाच्या त्या गोल पेटीकडं थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "जीपचं क्राऊन-पिनियनच हाय की हे. ल्हान केलंय."

ड्रेनच्या बोल्टाला आतून चुंबक होतं आणि त्यावर राखाडी लोण्यासारखा थर. बापूंनी तो बोटावर घेतला, अंगठ्यानं पसरला. "पीठ हाय. कणी न्हाय," ते म्हणाले. गिरणी शेजारी असल्याचा परिणाम असेल. पीठ असलं तर दाते नीट झिजतायत, कणी लागली तर कुठंतरी तुकडा उडालाय. तेल निघालं ते चहाच्या दोन कपांइतकंच. मग त्या प्रवाशानं बॅगेतून एक छोटी बाटली काढली, परदेशी, आणि नव्या तेलाबरोबर हीही घाला म्हणाला. बापूंनी नव्या तेलाचा डबा त्याच्या नाकाखाली धरला. "वास घ्या." त्यानं तोंड वाकडं केलं. नाईन्टीच्या, म्हणजे नव्वद नंबरच्या गिअर ऑईलचा तो उग्र, गंधकाचा वास, टेम्पो स्टँडवर वाढलेल्या कुणालाही ओळखीचा. "ते सगळं ह्यात घालूनच येतंय सायेब. वर आनी कशाला? भाजीत मीठ हाय म्हटल्यावर वरनं मूठ घालता का?"

त्या रात्री मी ते नीट वाचून काढलं होतं. क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाबाखाली घसरतातही, आणि त्या दाबात तेलाचा पापुद्रा फाटतो. तिथं नुसतं तेल कामाचं नाही. तेलातली गंधकाची आणि फॉस्फरसची संयुगं त्या क्षणी, त्या ठिणगीएवढ्या जागेत तापून लोखंडाशी जुळतात आणि एक पातळ साय धरतात. दाताऐवजी ती साय झिजते. पुन्हा धरते, पुन्हा झिजते. डब्यावर गिअर ऑईलचा दर्जा जीएल-५ लिहिलेला असला की या मालाचं प्रमाण जास्त, जीएल-४ मध्ये साधारण निम्मं. आणि हाच गंधक तांब्याच्या जातीच्या धातूंचा वैरी, म्हणून जुन्या गिअरबॉक्समध्ये, जिथं गनमेटलचे बुश असतात, तिथं जीएल-५ सरसकट ओतू नये म्हणतात. तेलवाल्यांच्या प्रयोगशाळेत यासाठी चकचकीत घासलेली तांब्याची पट्टी गरम तेलात तीन तास ठेवून तिचा रंग बघतात.

घाटात क्लच घसरल्यावर, बापूंकडं जायच्या आधी, मी तो प्रयोग घरी केला. शाळेतून तांब्याच्या दोन पट्ट्या आणल्या, लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या, पातेल्यात उकळतं पाणी. एका बरणीत नाईन्टी, दुसरीत माझं नेहमीचं तेल अधिक बाटली. तीन तास मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून होतो आणि बायको त्या वासानं खिडक्या उघडत फिरत होती. नाईन्टीतली पट्टी जांभळट तपकिरी झाली. दुसरीचा रंग थोडा उतरला होता, की नव्हता. मी ती उन्हात नेली, ट्यूबलाइटखाली धरली, चष्मा काढून पाहिली, मला ठरवता येईना. बायकोनं दोन्हीकडं बघून म्हटलं, "चिंच लावा, निघेल." प्रयोगाचं तात्पर्य काय, असं वहीत लिहायची वेळ आली असती तर मी काय लिहिलं असतं कुणास ठाऊक. खरं तर मला एवढंच हवं होतं की माझ्या बाटलीनं निदान आणखी काही बिघडवलेलं नसावं. म्हणजे बापूंना सांगताना गुन्हा लहान वाटला असता. आणि शेवटी सांगितलं तर नाहीच.

बाटलीनं काय होतं आणि काय होत नाही हे मी त्याआधी एकदा सांगलीत पाहिलं होतं, पण तेव्हा ते असं दिसलं नव्हतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. बहिणीचं घर गावभागात. पाणी उतरल्यावर मी गेलो तेव्हा रस्त्याच्या कडेनं मोटरसायकलींच्या रांगा लागल्या होत्या, सगळ्या एकाच रंगाच्या, गाळाच्या. प्रत्येकीखाली कुणीतरी उकिडवं बसून बोल्ट सोडत होतं. आधी पाणी यायचं, नितळ, कारण पाणी जड म्हणून तळाला. मग ते तेल. दाजींच्या गाडीतून निघालं ते बघून भाची म्हणाली, "मामा, चहा." खरंच दुधाच्या चहासारखं होतं, वर साय धरल्यासारखा फेस. तेलात मळ धरून ठेवणारी जी द्रव्यं घातलेली असतात, तीच पाण्यालाही धरून ठेवतात आणि सोडत नाहीत. डिझेल घालून, स्वस्त तेल घालून, दोनदा, तीनदा, चारदा धुतलं. दर वेळी चहा थोडा कोरा होत गेला. पोटातल्या बेअरिंगांवर तोवर गंज बसला तो बसलाच. दाजी त्या डब्याकडं बघत उभे होते. घरात पलंगाची उशाची बाजू भिजून फुगली होती, शाळेची सर्टिफिकिटं गच्चीवर वाळत टाकली होती, आणि माणसं गाड्यांचं तेल बदलत होती, कारण बदलता येण्यासारखं समोर तेवढंच होतं. कोपऱ्यावर कुणीतरी कसलीतरी बाटली विकत होता, पूरग्रस्त गाडीसाठी खास. दाजींनी घेतली. मी काही बोललो नाही. त्या दिवशी त्यांनी काहीही घेतलं असतं.

माझी आत्या डॉक्टरकडं जायची तेव्हा मी बरोबर असायचो. डॉक्टर दर वेळी विचारायचे, "दुसरं कुठलं औषध चालू आहे का, आजी?" आत्या म्हणायची, "नाही बाई." पर्समध्ये पुडी असायची, कुठल्याशा वैद्याची, रोज सकाळी मधातून घेतलेली. बाहेर आल्यावर मी चिडायचो. ती म्हणायची, "त्यांना कशाला वाईट वाटायला लावायचं?" तेव्हा मला हा अडाणीपणा वाटायचा. आता वाटतं, तिला खरंच डॉक्टरांची काळजी होती. पुडी घेणं म्हणजे डॉक्टरवर अविश्वास, आणि डॉक्टरकडं जाणं म्हणजे पुडीवर. दोघांनाही न दुखवता तिला बरं व्हायचं होतं. मला वाटतं मीही बापूंना "काही नाही" म्हणालो ते यातूनच असावं. किंवा हे मी स्वतःची सोय म्हणून म्हणतोय. नुसती लाज असेल.

बापूंनी केस उघडली. दोन आठवडे नाही, नऊ दिवस लागले. बुचाच्या प्लेटा काळ्याशार, काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या. नव्या आणून त्यांनी रात्रभर तेलात भिजत घातल्या, डाळ भिजवावी तशा. आणि तिसऱ्याची गुणगुण? बापूंनी एक बेअरिंग माझ्या तळहातावर ठेवलं आणि फिरवा म्हणाले. रॉकेलनं धुतलेलं, चकचकीत, बाहेरून देखणं. फिरवलं की बोटांना खरखर लागत होती, वाळूवरून पाटी ओढल्यासारखी. आतल्या कडीला खड्डे पडले होते. "कवाधरनं वाजत हुतं?" त्यांनी विचारलं. वर्ष झालं, मी म्हणालो. "आनी मधी गप झालं असंल दोन म्हयनं." हा प्रश्न नव्हता. मी बेअरिंग फिरवत राहिलो. तो आवाज गेला म्हणून जून-जुलै मी खुशीत होतो, आणि खड्डे त्या दोन महिन्यांतही आपले पडतच होते.

बिलात त्यांनी मला काही लावून धरलं नाही. जुन्या प्लेटा वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या, "शाळंत दाखवा पोरास्नी," म्हणाले. त्या मी दाखवल्याही. दुसऱ्या रकान्यात आता क्लच लिहिला जातो. प्लेटा अशा कशानं झाल्या असं एका मुलीनं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, एका माणसानं चुकीचं तेल घातलं. एका माणसानं.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो, तेल बदलायला. नवे भाग बसवल्यावर पहिलं तेल लवकर काढतात. बापूंनी बोल्ट सोडला, धारेत बोट धरलं, चोळलं, वास घेतला. मी स्टुलावर सरसावून बसलो. या वेळी मी उत्तर घेऊनच आलो होतो, आणि या वेळी ते खरं होतं.

"काही नाही घातलं, बापू."

"मी कुठं इचारलं?" ते म्हणाले. हात कॉटन वेस्टला पुसले, नवं तेल ओतलं, झाकण फिरवलं. मग पोरानं मागचं अर्धं शटर वर ढकललं आणि ते किंचाळलं तसे त्यांनी दात चावले.

"सर, ती अर्धी बाटली हाय का अजून घरात?"

बाटलीबद्दल मी त्यांना कधीच काही सांगितलेलं नव्हतं. अर्धी हे तर नाहीच नाही.

"आहे," मी म्हणालो.

"आणा की. शटरला घालू."

दुसऱ्या दिवशी शाळेत जाता जाता नेऊन दिली. त्यांनी हलवून पाहिली, लेबल वाचलं, आणि वरच्या फळीवर जुन्या कार्ब्युरेटरांच्या मागं ठेवून दिली. शटर अजून तसंच किंचाळतं.